पाण्यावरचा मुक्काम : आंग्रिया बँक ते नवेगाव बांध

गोंदिया हा महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाचा जिल्हा असून १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. राज्याचा समुद्र म्हटला की कोकण डोळ्यांपुढे येते, आणि कोकणापासून हा जिल्हा इतका दूर आहे की समुद्राखालच्या जगाशी त्याचा काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. सरळ रेषेत मोजले तर गोंदियापासून मुंबई सुमारे ८०० किलोमीटरवर आहे, तर बंगालच्या उपसागरावरचे विशाखापट्टणम सुमारे ५०० किलोमीटरवर आहे. जिल्ह्यात पडणारा पाऊसही पूर्वेच्याच समुद्राला मिळतो. तो वैनगंगेतून प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जातो. मुंबई–हावडा लोहमार्गावरील गोंदिया शहरातून अंदमानला निघालेला प्रवासी कोलकात्यापर्यंत रेल्वेने आणि पुढे विमानाने जाऊ शकतो, त्यामुळे उष्ण कटिबंधातील बेटे गोंदियाला वाटतात तितकी परकी नाहीत. शिवाय हा तलावांचा जिल्हा आहे, आणि पाण्याच्या पृष्ठभागाखाली काय चालले आहे हा प्रश्न येथे पिढ्यान्‌पिढ्या पोटापाण्याचा प्रश्न राहिलेला आहे. समुद्रात दिवसच्या दिवस नौकेवर राहून पाणबुड्याचा पोशाख चढवून प्रवाळांमध्ये उतरणे या आधुनिक प्रवासप्रकाराचा विचार म्हणूनच गोंदियाच्या दृष्टीने करण्यासारखा आहे.

या प्रवासप्रकाराला जगभर ‘लाइव्हअबोर्ड’ म्हणतात आणि मराठी डायव्हरही तोच शब्द वापरतात. किनाऱ्यावरच्या हॉटेलात राहून रोज सकाळी छोट्या होडीने समुद्रात जाऊन दुपारी परतणे हा स्कूबा डायव्हिंगचा नेहमीचा प्रकार असतो. लाइव्हअबोर्डमध्ये मात्र नौका हेच निवासस्थान असते. झोपण्याच्या खोल्या, स्वयंपाकघर, सिलिंडरमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर, पोशाख वाळत घालण्याची जागा आणि पाण्यात उतरण्यासाठी मागच्या बाजूला असलेला सपाट मंच असे सारे त्या नौकेवर असते, आणि सुमारे आठवडाभर ती एका बेटाकडून दुसऱ्या बेटाकडे बहुधा रात्रीच्या वेळी सरकत राहते. मालदीव, इंडोनेशियातील राजा अंपात, इजिप्तलगतचा तांबडा समुद्र आणि पॅसिफिकमधील गालापागोस ही या प्रवासाची प्रसिद्ध ठिकाणे आहेत. या पद्धतीचा उगम सुखसोयींच्या हौसेत नसून अंतरात आहे, कारण उत्तम स्थितीतील बरीचशी प्रवाळक्षेत्रे वस्तीपासून, बंदरापासून आणि त्यामुळेच गाळ, सांडपाणी व मासेमारीच्या दाबापासून दूर उरलेली आहेत, आणि तेथे एका दिवसात जाऊन परत येणे शक्य नसते.

पाण्याखाली स्वतःची हवा घेऊन मोकळेपणाने फिरण्याचे आजचे साधन १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी सिद्ध केले. त्यातील मर्मस्थान म्हणजे रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधील अतिशय दाबलेली हवा डायव्हर ज्या खोलीवर असेल तेथील पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने, आणि तो श्वास घेईल तेव्हाच, तोंडात सोडणारी झडप. कूस्तोने पुढे १९५० पासून ‘कॅलिप्सो’ नावाची, पूर्वी सुरुंग काढण्याच्या कामी असलेली नौका वापरली आणि तिच्यावर राहून केलेल्या मोहिमांमधून समुद्राखालचे जग सामान्य माणसाला प्रथमच दिसले. आजच्या पर्यटन नौका याच परंपरेतल्या आहेत, फक्त शोधमोहिमेची शिस्त त्यांतील काहींनी टिकवली आहे आणि काहींनी सोडली आहे.

समुद्रात दर दहा मीटर खोलीला दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे पृष्ठभागावर एक, दहा मीटरवर दोन आणि वीस मीटरवर तीन वातावरणे इतका दाब शरीरावर येतो. साधारण बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने हवा भरली तर पृष्ठभागावरच्या मापाने ती २४०० लिटर होते. मिनिटाला वीस लिटर हवा घेणाऱ्या माणसाला ती जमिनीवर दोन तास पुरेल, पण वीस मीटर खोलीवर प्रत्येक श्वासात तिप्पट हवा लागत असल्याने तिथे ती जेमतेम चाळीस मिनिटे पुरते, आणि त्यातूनही वर येण्यासाठीचा साठा राखून ठेवावा लागतो. वर येताना श्वास रोखून धरायचा नाही हा डायव्हिंगचा पहिला नियम आहे, कारण दाब कमी होताच फुप्फुसांतील हवा फुगते आणि तिला वाट मिळाली नाही तर ती फुप्फुसे फाडू शकते. तलावात श्वास रोखून बुडी मारणाऱ्याची सवय याच्या नेमकी उलट असते, त्यामुळे उत्तम पोहणाऱ्यालाही हा नियम नव्याने अंगवळणी पाडावा लागतो. बुडी मारणारा एकच श्वास वरून घेऊन जातो आणि तोच घेऊन वर येतो, म्हणून त्याला हा धोका नसतो. डायव्हर मात्र खालच्या दाबाखाली श्वास भरत असतो.

दुसरा धोका नायट्रोजनचा. हवेत सुमारे ७८ टक्के असलेला हा वायू एरवी शरीराला उपद्रव करत नाही, परंतु वाढलेल्या दाबाखाली तो रक्तात आणि मांसपेशींत विरघळतो, आणि डायव्हर घाईने वर आला तर तेथेच त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंतचे विकार उद्भवतात. पुलांचे पाये खणण्यासाठी दाबाखालच्या कोठड्यांत उतरणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील मजुरांना याच विकाराने ग्रासले होते. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये वर येण्याचे वेळापत्रक प्रसिद्ध केले, आणि आज डायव्हरच्या मनगटावर असणारा छोटा संगणक त्याच विचाराची सुधारलेली आकडेमोड करत असतो. मिनिटाला सुमारे नऊ मीटरपेक्षा अधिक वेगाने वर न येणे आणि शेवटी पाच मीटर खोलीवर तीन मिनिटे थांबणे हे दोन संकेत त्यातूनच रूढ झाले.

लाइव्हअबोर्डवर हा हिशेब अधिक काटेकोरपणे ठेवावा लागतो, कारण तेथे दिवसाला तीन किंवा चार वेळा पाण्यात उतरले जाते आणि प्रत्येक वेळचा थोडा नायट्रोजन पुढच्या वेळेपर्यंत शरीरात शिल्लक राहतो. दोन उड्यांमधील विश्रांतीचा वेळ, जेवण, भरपूर पाणी पिणे आणि दिवसातील सर्वांत खोल उडी सकाळी घेणे अशी सारी दिनचर्या या एका वायूभोवती बांधलेली असते. अनेक नौकांवर नायट्रॉक्स, म्हणजे प्राणवायूचे प्रमाण २१ ऐवजी ३२ टक्क्यांच्या आसपास वाढवलेली हवा, दिली जाते; तिच्यामुळे नायट्रोजन कमी शोषला जातो, मात्र अधिक प्राणवायू ठरावीक खोलीपलीकडे विषारी ठरत असल्यामुळे तिचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. अनेक दिवसांच्या अशा डायव्हिंगनंतर किमान अठरा तास विमानात बसू नये, कारण विमानातील हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो आणि उरलेल्या नायट्रोजनला बुडबुडे करण्याची संधी मिळते. अंदमानहून विमानाने परतणाऱ्या गोंदियाच्या प्रवाशाने म्हणूनच शेवटचा दिवस कोरडा ठेवला पाहिजे. तिकीट काढतानाच ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते.

एवढा खटाटोप ज्यासाठी करायचा ते प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. ते लहान लहान प्राण्यांच्या वसाहतींनी चुन्याचा सांगाडा रचत रचत उभारलेले बांधकाम असते, आणि त्या प्राण्यांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांना पोसतात. रंगही त्या शैवलांमुळेच येतात. प्रकाश खोलवर पोहोचला पाहिजे, म्हणून पाणी स्वच्छ हवे. पाणी फार तापले की प्राणी शैवलांना बाहेर टाकतो आणि प्रवाळ पांढरे पडते, आणि उष्णता लांबली तर ते उपासमारीने मरते. भारतातील एकमेव कंकणद्वीपे असलेल्या लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी अशी मोठी विरंजने घडली, आणि एप्रिल २०२४ मध्ये जगभरच्या प्रवाळांचे चौथे जागतिक विरंजन सुरू असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. लाइव्हअबोर्डवरून आज दिसणारे प्रवाळ हे अशा रीतीने आजारातून उठलेले, आजारात पडलेले किंवा आजाराची वाट पाहत असलेले प्रवाळ आहे. हे माहीत नसताना पाण्यात उतरणारा माणूस रंगीत मासे पाहून परततो. हे माहीत असणाऱ्याला कोणत्या फांद्या नव्या आहेत आणि कोणत्या मेलेल्या सांगाड्यावर शेवाळ चढले आहे, हे दिसू लागते. पाण्याखाली तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो आणि वस्तू प्रत्यक्षापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या भासतात, त्यामुळे तेथे नुसते पाहणेसुद्धा शिकावे लागते, आणि ते एका दिवसाच्या सहलीत शिकता येत नाही. पहिले दोन दिवस माणूस स्वतःच्या श्वासाकडे, तरंगण्याकडे आणि डोळ्यांवरच्या काचेत शिरणाऱ्या पाण्याकडेच लक्ष देत असतो. मुक्काम लांबला की हे सारे मागे पडते आणि त्याच खडकाभोवतीचे तेच मासे रोज ओळखीचे होऊ लागतात. लाइव्हअबोर्डचे खरे मोल या मुक्कामात आहे.

महाराष्ट्राला स्वतःचे असे एक क्षेत्र आहे जेथे लाइव्हअबोर्डशिवाय गत्यंतरच नाही, आणि त्याची माहिती विदर्भातच नव्हे तर मुंबईतही फार थोड्यांना आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर भर समुद्रात पाण्याखाली बुडालेले एक पठार आहे. मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. कान्होजींचे निधन १७२९ मध्ये झाले, आणि ज्या विजयदुर्गावरून त्यांच्या आरमाराचा दरारा पसरला त्याच्या समोरच्या समुद्रातील या पठाराने त्यांचे नाव आजवर नौकानयनाच्या नकाशांत टिकवले आहे. पठाराची लांबी दक्षिणोत्तर सुमारे ४० किलोमीटर आहे, आणि त्याचा सर्वांत उथळ भागसुद्धा पाण्याखाली सुमारे वीस मीटरवर असल्यामुळे वरून जाणाऱ्या जहाजाला तेथे काहीच दिसत नाही. ना बेट, ना फुटणारी लाट. किनाऱ्यापासूनच्या अंतरामुळे नद्यांचा गाळ तेथवर पोहोचत नाही, पाणी नितळ राहते आणि म्हणूनच एवढ्या खोलीवरही प्रवाळ वाढू शकते. देवमासा म्हणून कोकणात ओळखला जाणारा, परंतु वास्तविक शार्कच्या कुळातला असलेला व्हेल शार्क आणि डॉल्फिन हे त्या परिसराचे रहिवासी आहेत.

ताशी दहा सागरी मैल वेगाच्या नौकेला केवळ तेथे पोहोचायला पाच-सहा तास लागतात, म्हणजे एका दिवसात जाऊन, उतरून, परत येणे व्यवहारात अशक्यच. तेथे निवाऱ्याला बेट नाही, प्रवाह जोरदार असतात आणि जून ते सप्टेंबर तो समुद्र बंदच असतो. प्राथमिक प्रशिक्षणाची मर्यादा अठरा मीटर असल्याने नवशिक्या डायव्हरला या पठाराच्या माथ्यालाही स्पर्श करण्याची परवानगी मिळत नाही. त्यामुळे आंग्रिया बँकेचा अभ्यास अपरिहार्यपणे नौकेवर राहूनच झाला आहे. मालवण परिसरात डायव्हिंगचा पाया घालणारे सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांनी या पठाराकडे सातत्याने लक्ष वेधले, आणि डिसेंबर २०१९ मध्ये वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटीची भारतीय शाखा आणि केंद्र सरकारची सागरी सजीव संपदा व परिसंस्था संस्था यांनी मिळून तेथे मोहीम नेली.

या पठाराच्या संरक्षणाचा प्रश्न मोठा गुंतागुंतीचा आहे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतचा समुद्र हा देशाचा प्रादेशिक समुद्र मानला जातो, आणि अभयारण्ये साधारणपणे याच पट्ट्यात होतात; १३ एप्रिल १९८७ रोजी घोषित झालेले मालवणचे सागरी अभयारण्य किनाऱ्यालगतच आहे. आंग्रिया बँक मात्र त्यापलीकडे, दोनशे सागरी मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात येते, म्हणजे जेथील साधनसंपत्तीवर देशाचा हक्क असतो परंतु राज्याचा कारभार चालत नाही अशा पट्ट्यात. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्यानुसार केंद्र सरकार अशा भागाला निर्देशित क्षेत्र ठरवून तेथील पर्यावरणाच्या रक्षणाची व्यवस्था करू शकते, आणि राज्याच्या पातळीवर तसा प्रस्ताव पुढेही आलेला आहे. पर्यटन नौका तेथे नेण्याची कल्पना अधूनमधून बोलली जाते. संरक्षणाची चौकट ठरण्याआधी पर्यटक नेणे चुकीचे ठरेल, कारण एका नौकेचा नांगर प्रवाळावर पडला तरी कित्येक वर्षांची वाढ मोडते आणि एवढ्या दूर त्यावर देखरेख ठेवायला कोणी नसते.

नौकेवरच्या मुक्कामाला स्वतःचे धोकेही आहेत, आणि ते पाण्याखालच्या धोक्यांहून कमी नाहीत. २ सप्टेंबर २०१९ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘कन्सेप्शन’ नावाच्या डायव्हिंग नौकेला रात्री आग लागली आणि खालच्या कक्षात झोपलेले सर्व ३४ जण मृत्युमुखी पडले. रात्रीची गस्त ठेवलेली नव्हती आणि बाहेर पडण्याचे मार्ग पुरेसे नव्हते. नोव्हेंबर २०२४ मध्ये इजिप्तजवळ तांबड्या समुद्रात ‘सी स्टोरी’ ही नौका उलटून बुडाली. डायव्हिंगच्या साहित्याची चौकशी बारकाईने करणारे प्रवासी नौकेबद्दल मात्र क्वचितच विचारतात. रात्री जागे राहून पहारा कोण देते, खोलीतून बाहेर पडायला दुसरा मार्ग आहे का, बॅटऱ्या कोठे चार्ज होतात, प्राणवायूचा साठा किती आहे, आणि नायट्रोजनच्या विकारावर इलाज करणारा उच्चदाब कक्ष सर्वांत जवळ कोठे आहे हे प्रश्न पैसे भरण्याआधी विचारले पाहिजेत.

ज्यांना हे शिकायचे आहे त्यांच्यासाठी राज्यातच सोय आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची भारतीय स्कूबा डायव्हिंग व जलक्रीडा संस्था असून, तेथे जलतरण तलावातील सरावापासून समुद्रातील उड्यांपर्यंत रीतसर प्रशिक्षण मिळते. लाइव्हअबोर्डच्या तयारीसाठी प्राथमिक आणि त्यानंतरचा प्रगत अभ्यासक्रम, म्हणजे तीस मीटरपर्यंतची पात्रता, आणि त्यानंतर काही काळ किनाऱ्यालगतचा अनुभव, हा क्रम शहाणपणाचा आहे. अंदमानात स्वराज द्वीपाभोवतीच्या पाण्यात हा अनुभव घेता येतो. तेथून पुढे, अंदमानची राजधानी श्री विजयपुरमच्या ईशान्येस सुमारे १४० किलोमीटरवर असलेल्या बॅरन बेटासारख्या ठिकाणी, जेथे देशातील एकमेव जागृत ज्वालामुखी आहे, जायचे तर पुन्हा नौकेवरच्या मुक्कामाचाच प्रश्न येतो. दमा, कानाचे जुने दुखणे किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय पाण्यात उतरू नये.

आता गोंदियाकडे वळले पाहिजे, कारण पाण्याखालच्या जगाची काळजी घेण्यासाठी समुद्र गाठण्याची गरज नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांध हा सुमारे ११ चौरस किलोमीटर पसरलेला तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधला असे परंपरा सांगते; भोवतालच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात, कोलू पाटलाला कोलासुर देव म्हणून पूजले जाते, आणि पाण्याच्या मधोमध मालडोंगरी नावाचे बेट आहे. गोंड राजवटीत कोहळी समाजाने पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, बांधल्या. ब्रिटिश काळात मालगुजारांच्या ताब्यात असल्यामुळे त्यांना मालगुजारी तलाव हे नाव पडले, आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर ते सरकारकडे गेले. धानाच्या शेतीला पाणी देणारी रचना म्हणून त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पाळ, म्हणजे बांध, आणि तुडुम, म्हणजे पाणी सोडण्याची जागा, यांची वर्णने सापडतात. पाण्याच्या आत काय आहे याविषयीचे लेखन मात्र फारच कमी आहे.

आत आहे ते पाणवनस्पतींचे रान. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेरॅटोफायलम यांसारख्या पूर्ण बुडून वाढणाऱ्या वनस्पती तळाशी दाट पसरतात, त्यांच्यावर तरंगत्या पानांचे कमळ आणि कुमुदाच्या जाती येतात, आणि काठाच्या उथळ पाण्यात देवधान, म्हणजे रानटी भात, उगवतो. समुद्रात प्रवाळ जे काम करते ते तलावात ही झाडे करतात : ती पाण्यात प्राणवायू सोडतात, गाळ धरून ठेवतात, माशांच्या अंड्यांना आणि पिलांना आडोसा देतात. मरळ हा तलावातला मोलाचा मासा अशाच वनस्पतींत घरटे करून पिलांची राखण करतो. हिवाळ्यात येणारी अनेक जातींची बदके याच वनस्पतींवर पोट भरतात आणि पाणमांजर त्यांतल्या माशांवर जगते. प्रवाळातील शैवलांप्रमाणे या झाडांनाही प्रकाश लागतो, त्यामुळे पाणलोटातील माती वाहून येऊन पाणी कायमचे गढूळ झाले की ती नाहीशी होतात. रोहू आणि कटला हे वाहत्या पाण्यात प्रजनन करणारे मासे असल्यामुळे त्यांचे बीज तलावात सोडावे लागते. त्यांच्यासोबत सोडला जाणारा गवत्या मासा तर बुडालेल्या वनस्पतीच खातो. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या आणि येथे बेशरम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतीने काठाचा उथळ भाग व्यापला की देशी मासे आणि पाणपक्षी दोघांचीही जागा जाते. हा सारा ऱ्हास पृष्ठभागाखाली होत असल्यामुळे पाळीवरून पाहणाऱ्या अधिकाऱ्याला तलाव भरलेला आणि म्हणून ठीकच दिसतो.

ज्यांना हा ऱ्हास दिसला ते ढिवर. जाळे आणि डोंगा घेऊन पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात राहिलेल्या या समाजाला कोणत्या तळाशी कोणते झाड येते आणि त्यात कोणता मासा राहतो हे ठाऊक होते, आणि झाडे गेली तसे मासे गेले हेही त्यांनीच प्रथम सांगितले. अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवरांच्या मच्छीमार संस्था आणि त्यांच्यासोबत काम करणारी ‘फीड’ ही संस्था यांनी उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळावरची बेशरम उपटून, तळ नांगरून, त्यात देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले, आणि त्यात ढिवर स्त्रिया मोठ्या संख्येने पुढे आल्या. अंदमानात किंवा मालदीवमध्ये तुटलेले प्रवाळ पाण्याखालच्या चौकटींवर बांधून वाढवण्याचे जे प्रयत्न चालतात, त्यांच्याच जातीचे हे काम आहे, आणि ते महागड्या उपकरणांशिवाय, पोटापाण्यासाठी पाण्यावर अवलंबून असणाऱ्यांनी केले आहे, म्हणून त्याचे मोल अधिकच मानले पाहिजे. वनाधिकारी म्हणून नवेगाव बांधला दीर्घ काळ राहिलेले आणि २०२५ मध्ये पद्मश्री मिळालेले मारुती चितमपल्ली यांनी पक्षी, झाडे आणि मासे यांची स्थानिक नावे आणि सवयी टिपल्या त्याही येथे वर्षानुवर्षे मुक्काम करून आणि येथल्या माणसांना विचारून. समुद्रातल्या नौकेवर असो वा तलावाच्या काठी, पाण्याखालचे ज्ञान पाण्याजवळ राहिल्याशिवाय मिळत नाही, ही गोष्ट या दोन्ही उदाहरणांतून सारखीच सिद्ध होते.

नवेगाव बांधसह या भागातील बरेचसे पाणी व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात असल्याने आणि तलावांचे पाणी गढूळ व उथळ असल्याने येथे डायव्हिंगचे पर्यटन सुरू करावे असे सुचवणे अविचाराचे होईल. मात्र तलावांच्या सरकारी नोंदींत पाणीसाठा, सिंचनक्षेत्र आणि मासेमारीचा ठेका एवढ्याच गोष्टी असतात, आणि पाण्याखालच्या वनस्पतींना त्यात रकानाच नसतो, ही उणीव भरून काढण्यासारखी आहे. ठेका देताना कोणत्या तलावात कोणत्या पाणवनस्पती आहेत याची नोंद संबंधित मच्छीमार संस्थेकडून दर उन्हाळ्यात घ्यावी, त्या नोंदीचा मोबदला तिला द्यावा, आणि गवत्या माशाचे बीज अशा तलावांत सोडू नये, एवढे जिल्हा परिषदेने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने केले पाहिजे. आंग्रिया बँकेचा अभ्यास नौकेवर राहणाऱ्यांनी केला; गोंदियाच्या तलावांचा तसा अभ्यास करू शकणारी माणसे त्यांच्या काठावर आजही राहत आहेत, आणि त्यांना हे काम विचारून सोपवणे हे प्रशासनाच्या हाती आहे.